व्हीलचेअरवरच्या जिगरी दोस्ताला बाहेर न्यायचंय : काय काय शिकावं लागतं?

होटगीरोडकर
राम राम मंडळी. विषय थेट मांडतो. शाळेपासूनचा दोस्त, अपघातात मान मोडलेला. दुखापत सी-५/सी-६ ला (मानेचा पाचवा-सहावा मणका). खांदे हलतात, कोपर वाकतं, बोटं नाहीत, छातीखाली ना हालचाल ना संवेदना. डोकं पूर्वीइतकंच तिखट, जीभ त्याहून. अशा माणसाच्या मित्रमंडळाचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सुरुवातीला दारात चपलांचा ढीग, मग सणावारी, मग वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्र.

माझं मत असं की यात वाईट कुणीच नसतो. गाडीत कसं बसवायचं ते येत नाही, लघवीच्या पिशवीला हात लावायची धास्ती, काही झालं तर काय करायचं ते माहीत नाही. म्हणून भेट त्याच्याच खोलीत, त्याच्या आईच्या हातचा चहा घेत तासाभरात उरकते. आई थकली की चहाही बंद आणि भेटही. दोस्ती जन्मभर चालवायची तर हाताला कामं यायला हवीत.

तर जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) न्यायचंय, उन्हाळ्याआधी रेल्वेने पुण्याला. उचलणं, बसवणं, खाणंपिणं, लघवी, प्रवास, जे ज्याला पक्कं ठाऊक आहे ते मापांसकट सांगा. 'तुमच्या मैत्रीला सलाम' छाप प्रतिसाद नकोत, हात जोडतो.

शेंगापोळी
जागा पकडून ठेवतो. वाचनखूण साठवली.

लका_बे
तुमच्या मैत्रीला सलाम बे 😀 (पळालो)

मणकेशास्त्री
फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. सगळ्यात जास्त चुका उचलताना होतात, म्हणून तिथूनच.

काखेत हात घालून ओढणं बंद. खांद्याभोवतीचे स्नायू कमजोर असले की सांधा निखळतो, आणि संवेदना कमी असल्याने त्याला लगेच कळतही नाही. दोघांनी उचलायचं असेल तर जास्त ताकदीचा माणूस मागे. त्याने मित्राच्या काखांखालून हात पुढे न्यायचे, मित्राचे दोन्ही हात त्याच्याच पोटावर घडी घालायचे आणि त्या हातांची मनगटं वरून पकडायची. मित्राची पाठ मागच्याच्या छातीला चिकटलेली हवी. म्हणजे वजन काखेवर न येता घडी घातलेल्या हातांवर आणि छातीवर वाटलं जातं. दुसऱ्याने समोरून, एक हात मांड्यांखाली आणि एक पिंढऱ्यांखाली. मोजायचं मागच्याने, 'तीन' म्हटल्यावर दोघांनी एकदम. कंबर वाकवून उचलाल तर आठवड्याभरात तुम्हीच माझ्याकडे याल, गुडघे वाकवा.

गाडीसाठी उचलण्यापेक्षा सरकफळी बरी. १८ एमएम प्लाय, साधारण २८ इंच लांब, ८ ते १० इंच रुंद, कडा गोल घासलेल्या, वरून पॉलिश. पुढची सीट पूर्ण मागे घ्या. खुर्ची गाडीला साधारण ३०–४५ अंशांत लावा, ब्रेक लावा, गाडीकडचा हात-टेका काढा, पायटेके बाजूला. फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं सीटवर. तुम्ही समोर, तुमचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना अडसर. त्याला पुढे झुकवा, इतकं की नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल. डोकं पुढे गेलं की बूड हलकं होतं. मग तीन-चार छोट्या ढकलण्यांत सरकवा. एका झटक्यात सरकवू नका, कातडी घासते. उघड्या अंगाने तर फळीवर कधीच नको, मध्ये पँट हवी. शेवटी पाय, एकेक करून. डोक्यावर आपला एक हात ठेवा, गाडीच्या चौकटीचा मार डोक्यालाच बसतो.

स्नायू ताठ झाले (पाय एकदम सरळ किंवा थरथर) की जोर लावून वाकवू नका. थांबा. गुडघ्याखाली हात ठेवून हळू धरा, अर्ध्या-एक मिनिटात सैल पडतं. जोर लावाल तितका तो ताठरपणा वाढतो.

आणखी एक, जे घरच्यांनाही माहीत नसतं. सी-६ ची ताकद असेल तर मनगट मागे वळवलं की बोटं आपोआप थोडी मिटतात. त्या पकडीवर तो पेला, चमचा धरतो. ही पकड टिकते कारण बोटांचे स्नायू थोडे आखूड राहिलेले असतात. मित्रप्रेमाने 'जरा मालिश करतो' म्हणत मनगट मागे आणि बोटं सरळ असं एकदम ताणलं, तर ती पकड जाते. बोटं सरळ करायची तर मनगट पुढे पडलेलं असू द्या.

लोखंडी_चणे
उत्तम प्रतिसाद. आता खुर्ची आणि रॅम्प माझ्याकडे.

घडीची साधी खुर्ची, १८ इंची बैठक, म्हणजे बाहेरून बाहेर २४ ते २६ इंच रुंद. कुठेही न्यायच्या आधी दार मोजा. चौकटीची रुंदी मोजून उपयोग नाही. दार पूर्ण उघडून, उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत जी मोकळी जागा उरते ती मोजा. पेठांतल्या जुन्या घरांत न्हाणीघराचं दार बऱ्याचदा दोन फुटीच, तिथे खुर्ची अडकली म्हणून समजा.

उचलताना हात-टेके किंवा पायटेके धरू नका. ते काढता येणारे असतात, म्हणजे जिन्यात हातात टेका आणि खाली माणूस. मागच्याने मुठी (मुठीचं रबर सैल नाही ना ते आधी ओढून बघा), पुढच्याने पुढचा उभा पाईप. ब्रेक हे थांबलेली खुर्ची सरकू नये म्हणून; उतारावर वेग कमी करायला नव्हेत. हवेचे टायर असतील आणि हवा कमी असेल तर ब्रेकची पट्टी टायरला नीट दाबतच नाही. लोक ब्रेक बदलून आणतात, हवा भरत नाहीत.

पायरी चढताना: मागच्या खालच्या पाईपवर पाय देऊन खुर्ची मागे कलती करायची, पुढची छोटी चाकं पायरीवर ठेवायची, मग मोठी चाकं पायरीला टेकवून ढकलायचं. उतरताना उलटं, पाठीमागून, मोठी चाकं आधी. तीव्र उतारही पाठीमागूनच. गतिरोधक आणि नाल्यावरच्या जाळ्या तिरक्या घ्या, नाहीतर छोटं चाक अडकून माणूस पुढे फेकला जातो. पट्टा कमरेच्या हाडांवरून हवा. पोटावर बांधलेला पट्टा अशा वेळी नुसताच पोटात रुततो.

रॅम्पचं गणित १:१२. सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट. दोन पायऱ्या, बारा इंच, बारा फूट. लोक दीड फुटाच्या ओट्याला चार फुटांची फळी लावतात आणि मग 'ढकलवत नाही' म्हणतात. कायमस्वरूपी नको असेल तर १९ एमएम प्लायला खालून तीन लाकडी पट्ट्या, वरच्या टोकाला कडेवर अडकेल असा पत्रा. ऑइलपेंट ओला असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरवायची, वाळल्यावर घसरत नाही. दोन सुट्या लोखंडी पट्ट्यांचा रॅम्प बनवणार असाल तर प्रत्येक पट्टी किमान ८ इंच रुंद ठेवा. पुढची छोटी चाकं मागच्या चाकांपेक्षा आतून धावतात, अरुंद पट्टीवरून एक जोडी खाली उतरते.

लका_बे
फॅब्रिकेशनवाल्याला '१:१२' म्हटलं तर तो म्हणणार 'साहेब, उगाच कशाला खर्च, एवढंसं पुरे की'. आणि चहा मागवणार.

चाकावरचा
@लका_बे, तंतोतंत 😂

खुर्ची वापरणारा म्हणून तीनच गोष्टी वर जोडतो. पहिली, मणकेशास्त्रींचं सगळं बरोबर, पण ते करायच्या आधी 'कसं उचलू?' एवढं ज्याला उचलायचंय त्यालाच विचारा. त्याला रोज कोणीतरी उचलत असतं. कुठल्या बाजूला सरकायला सोपं, कुठला पाय आधी ताठतो, हे त्याला तोंडपाठ. तो मुकादम, तुम्ही गडी.

दुसरी, खुर्ची ढकलणाऱ्याच्या हातात दिशा जाते. गप्पांच्या गोलात त्याला असं उभं करा की चेहरे समोर येतील. भिंतीकडे किंवा उन्हाकडे तोंड करून सोडून चहा आणायला जाऊ नका. खुर्चीच्या मुठीवर रेलून फोनवर बोलत हलू नका, मानेला ते हादरे कळतात. हॉटेलात वेटर तुम्हाला विचारतो, 'यांना काय पाहिजे?' तुम्ही उत्तर देऊ नका, मित्राकडे बघा. दोनदा असं झालं की वेटर शिकतो.

तिसरी, बिल. त्याला भरू द्या. पाकीट कुठल्या खिशात ते त्याला विचारून काढा, नोटा त्याच्यासमोर मोजा.

सिस्टर_सावध
गंभीर गोष्ट आधी. होटगीरोडकर, तुमच्या मित्राची दुखापत मानेची म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या (टी-६) वरची. अशा माणसाला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. बाहेर नेणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

होतं काय, की खाली काहीतरी टोचतं, ताणलं जातं: मूत्राशय तुंबलं, नळी मुडपली, शौच अडकलं, बूट चावतोय, नख रुतलंय. त्याला ते जाणवत नाही, पण शरीर रक्तदाब एकदम चढवतं. लक्षणं: डोकं ठणकणं, चेहरा-मान लाल, दुखापतीच्या वरच्या भागाला घाम, अंगावर काटा, नाक चोंदणं, जीव घाबरा.

पहिलं काम, ताठ बसवा, पाय खाली सोडा. आडवं करू नका, त्याने दाब आणखी चढतो. पट्टा, बूट, मोजे, पँटचा कमरपट्टा सैल करा. मग नळी: पिशवीपासून वरपर्यंत बोटाने चाचपत जा, कुठे पीळ, कुठे मांडीखाली दबली का. पिशवी भरली असेल तर रिकामी करा. कारण सापडलं की काही मिनिटांत उतरतं. नाही उतरलं तर १०८ किंवा जवळचं रुग्णालय, वाट बघत बसायचं नाही.

यांचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० च्या आसपास असतो. त्यामुळे १४० दिसला तर नवखा डॉक्टर 'जरासाच वाढलाय' म्हणेल, पण यांच्यासाठी ती धोक्याची पातळी. नेहमीचा दाब, दुखापतीची पातळी, काय करायचं, हे मराठी-इंग्रजीत एका कार्डावर लिहून खुर्चीच्या पिशवीत ठेवा.

आता नेमकं उलटं. बराच वेळ झोपलेल्याला एकदम बसवलं की दाब पडतो: डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा पांढरा. तेव्हा ब्रेक लावून मागे स्टुलावर बसा, खुर्ची मागे कलती करून तुमच्या मांडीवर टेकवा, पाय वर येतील असं. लाल चेहरा, ठणका तर ताठ बसवणं. पांढरा चेहरा, अंधारी तर मागे कलतं करणं. घाईत लोक याचीच अदलाबदल करतात.

लघवीचं: पायाला बांधायची पिशवी अर्धी ते दोन-तृतीयांश भरली की रिकामी. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी. उचलताना ती मांडीवर ठेवली तर लघवी उलटी जाते, संसर्ग होतो. खालचा खटका बंद केल्याची खात्री करा, बूट भिजल्यावर नव्हे, आधी. दर ४ ते ६ तासांनी तात्पुरती नळी घालून लघवी काढत असतील तर बाहेर असताना तीच वेळ पाळायची, एका वेळी ४००–५०० मिलीपेक्षा जास्त साठू द्यायची नाही. आणि 'बाहेर जायचंय म्हणून पाणीच पीत नाही' हे होऊ देऊ नका. त्यातूनच खडे आणि ताप.

पेठेतली
वाचून माहिती मिळाली, पण मला एक पटत नाही. मित्राने लघवीची पिशवी का रिकामी करायची? त्यासाठी पगारी मदतनीस ठेवावा. मित्र मित्रासारखा राहू द्या. एकदा ही कामं मित्राकडे गेली की त्याचा नर्स होतो, आणि नर्सशी कोणी भांडत नाही. भांडण नाही तर दोस्ती कसली?

चाकावरचा
@पेठेतली, मुद्दा अर्धा बरोबर. रोजचं काम मदतनीसाचं. आंघोळ, शौच, सकाळचे दोन-अडीच तास, यात मित्र नकोच, त्यालाही नको असतो. पण पिशवी रिकामी करणं दोन मिनिटांचं काम. ते न येणारा मित्र म्हणजे मदतनीस सोबत नसेल तर भेट नाही. मग प्रत्येक सिनेमाला, प्रत्येक हुरडा पार्टीला तिसरा माणूस बसलेला. मनातलं बोलणार कधी?

पेठेतली
हे मात्र खरं. तिसऱ्यासमोर बायकोची चहाडी करता येत नाही.

लका_बे
किंवा बायकोसमोर तिसरीची.

सिस्टर_सावध
दोघांच्या मधलं सांगते. गटातल्या किमान दोघांना पिशवी आणि सरकफळी यावी, एकट्यावर नको. तो एक जण बदलून परगावी गेला की सगळं बंद पडतं. शिकायचं घरी, मदतनीस समोर असताना. पहिल्यांदाच रस्त्यावर प्रयोग नको. हातमोज्यांचा खोका, पिण्याच्या पाण्याहून वेगळी पाण्याची बाटली, एक जादा पिशवी, साबण, जुना टॉवेल, जादा पँट, प्लास्टिकची पिशवी, एवढं खुर्चीमागे कायम लटकलेलं ठेवा.

बसण्याबद्दल राहिलं. संवेदना नसल्याने बेडसोर (सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) शांतपणे होतात. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी बैठकीवरचा दाब काढायचा: त्याला पुढे टेबलावर किंवा तुमच्या खांद्यावर झुकवा, नाहीतर खुर्ची मागे कलती करा, दोन मिनिटं. गप्पांत विसरतं म्हणून मोबाईलवर गजर लावा. घरी आल्यावर माकडहाड, बैठकीची हाडं, खुबे, घोटे, टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर ती पहिली पायरी, तो डाग जाईपर्यंत त्यावर वजन नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का पाहा. डागावर चोळू नका.

मेडिकलमध्ये मिळते ती मध्ये भोक असलेली हवेची रिंग आणू नका, कडेचा दाब रक्तपुरवठा तोडतो. मागच्या खिशात पाकीट, मोबाईल, किल्ली नको. जीन्सची जाड शिवणही नको.

चादरवाला
सोलापूरची म्हणून एक भर. घरोघरी खुर्चीवर आपली चादर चार पदरी घालतात, मऊ म्हणून. आपली जेकार्ड चादर जाड, उठावाची, आणि बसल्यावर तिच्या घड्या गोळा होतात. चांगल्या गादीवर अशी चादर म्हणजे गादीचे पैसे पाण्यात. थंडीला मांडीवर घ्या, बुडाखाली नाही.

मणकेशास्त्री
@चादरवाला, हे आमच्या लक्षात येत नाही, नोंद घेतली. हवेच्या कप्प्यांची गादी असेल तर हवा अशी तपासा: माणूस बसलेला असताना गादी आणि बैठकीच्या हाडाच्या मध्ये तळहात सरकवा. हाड आणि गादीचा तळ यांत अर्धा ते एक इंच हवा हवी. जास्त हवा भरली की तो फुग्यावर बसल्यागत डुगडुगतो आणि दाबही वाढतो.

आसरा_चौक
जेवणाचं कोणी लिहिलं नाही. सोलापुरात बाहेर जायचं आणि जेवायचं नाही?

कडक_भाकरी
आयडीच्या नावाला जागून लिहितो. मानेच्या दुखापतीत एकदा सगळं स्थिर झालं की बहुतेकांना गिळता नीट येतं, अडचण हाताची. तळहाताला बांधायचा वेल्क्रोचा पट्टा मिळतो, त्यात चमचा खोचायचा. चमच्याची मान तोंडाकडे वाकवलेली. ताटाऐवजी उभ्या कडेची थाळी, खाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. चहाला लांब स्ट्रॉ, पण चहा कोमट. छातीतून खोकला जोरात येत नाही हे लक्षात ठेवा, म्हणून कोरडा भुगा त्रास देतो: शेंगा चटणी नुसती तोंडात टाकायची नाही, दह्यात किंवा तेलात कालवायची. कडक भाकरी आमटीत कुस्करून दहा मिनिटं मुरू द्या.

पण मित्र सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसतो) किंवा स्नायूंच्या क्षयाचा (मस्क्युलर डिस्ट्रॉफी) असेल तर गिळण्याचीच अडचण असू शकते. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. मान मागे झुकवून भरवलं तर घास श्वासनळीत जातो. भरवणाऱ्याने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं की तो वर बघतो आणि मान आपोआप मागे जाते. घास गिळला हे दिसल्याशिवाय पुढचा नाही आणि घास तोंडात असताना विनोद नाही.

लका_बे
मग मी भरवायला नको.

आसरा_चौक
शेंगा चटणी कुठली चांगली यावर वेगळा धागा काढावा का? खलबत्त्यात कुटलेली आणि मिक्सरची यात

संपादक
वेगळा काढा. इथे नको.

अक्षरजुळणी
सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आला म्हणून बोलण्याबद्दल. उच्चार अस्पष्ट असलेल्या मित्राशी बोलताना दोन सवयी मोडा: त्याचं वाक्य आपण पूर्ण करणं, आणि न कळता 'हो हो' करणं. दुसरी जास्त वाईट, कारण त्याला ती लगेच कळते. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा: 'उद्या संध्याकाळी, पार्क चौकात... पुढचं?' म्हणजे त्याला सगळं पहिल्यापासून बोलावं लागत नाही.

अजिबात बोलता येत नसेल आणि समज पक्की असेल तर पुठ्ठ्यावर वर्णमाला. आपली वर्णमाला यासाठी सोयीची, वर्ग आधीच पाच-पाचाचे. पहिली ओळ स्वरांची, मग क, च, ट, त, प वर्ग, मग य ते ळ. तुम्ही ओळीवर बोट ठेवत जायचं, तो डोळे वर करून 'हो' म्हणतो, मग त्या ओळीत अक्षर. मात्रा नंतर विचारायची, आणि बहुतेक वेळा लागतच नाही: 'प ण' एवढ्यावर पाणी की पण ते संदर्भावरून कळतं. कडेला चार तयार शब्द: दुखतंय, बदल, थांब, गप्प बस.

लका_बे
'पण' वरून मी पणती समजलो असतो. 'गप्प बस' मात्र मोठ्या अक्षरात.

गाडी_नं_अमुक
रेल्वे. सवलतीच्या तिकिटासाठी रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र काढून ठेवा. विभागीय कार्यालय आपल्याकडे सोलापुरातच आहे, अर्ज ऑनलाइनही होतो. सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र रेल्वेच्या नमुन्यात लागतं, आणि त्यात 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' हा उल्लेख हवा, नाहीतर अर्ज अडकतो. स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, सोबत्यालाही तेवढीच.

अडचण तिकिटाची नाही, दाराची. नेहमीच्या डब्यात दोन पायऱ्या आणि अरुंद बोळ, साधी खुर्ची आत सीटपर्यंत जात नाही. म्हणजे दारापासून सीटपर्यंत दोघांनी उचलून. दिव्यांगांच्या राखीव डब्याचं दार रुंद असतं, पण तो गाडीच्या टोकाला, तेव्हा फलाटावर आधीच तिथे जाऊन थांबा. पुण्यासाठी मुंबईची वंदे भारत (१० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू) बघा, तिच्या टोकाच्या डब्यांत खुर्चीसाठी जागा आणि रुंद स्वच्छतागृह असतं. तिकीट काढताना डबा तोच येतोय का पाहा, नाहीतर रेल्वेच्या १३९ वर विचारा.

एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण चढण्याच्या पायऱ्या इतक्या उंच की सी-५ च्या माणसाला ती सवलत कागदावरच.

कागदपत्री
होटगीरोडकरांनी आई थकण्याबद्दल लिहिलं, ते कुणी उचललं नाही. शारीरिक अपंगत्वामुळे कायदेशीर क्षमता जात नाही. खातं त्याच्या नावाने, निर्णय त्याचे, ऑपरेशनची संमतीही शुद्धीवर असेल तर त्याचीच. नॅशनल ट्रस्ट कायद्यातली (१९९९) पालकत्वाची सोय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, मणक्याच्या दुखापतीसाठी नाही. तेव्हा 'कोणीतरी गार्डियन लागेल' असं सांगणाऱ्यापासून सावध.

सही करता येत नसेल तर बँकेत अंगठ्याचा ठसा चालतो, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा, तेही शक्य नसेल तर नुसती खूण. दोन स्वतंत्र साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. काउंटरवर 'असं चालत नाही' म्हणाले तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी मागा.

मित्राने करण्यासारखं एकच: आईवडील हिंडतेफिरते असतानाच घराचं, मदतनीसाच्या पगाराचं आणि औषधांचं काय, हे मित्रासमोर बसून मृत्युपत्रात आणा. आणि मुखत्यारपत्रावर विसंबू नका, देणारा गेला की ते संपतं.

पेठेतली
हे बोलायला मित्रच लागतो. भाऊ बोलला तर इस्टेटीवर डोळा, मदतनीस बोलला तर पगारावर.

मे_महिना
उन्हाळ्याचं राहिलं. मानेच्या दुखापतीत दुखापतीखाली घाम येत नाही, म्हणजे शरीराचा पंखाच बंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४२ च्या पुढे पारा जातो. अकरा ते पाच बाहेर नाहीच. नेलंच तर झाडांना पाणी मारायचा फवारा घ्या, मान-चेहरा-हात ओले ठेवा, छोटा पंखा समोर. ओलं केल्याशिवाय नुसता पंखा या उन्हात गरम हवाच मारतो. उन्हात उभ्या गाडीची सीट आणि पट्ट्याचं बक्कल हाताने तपासून मगच बसवा. गरम चहाचा पेला, इडलीचा डबा, चार्जिंगला लावलेला मोबाईल मांडीवर ठेवू नका. भाजलेलं त्याला कळत नाही, रात्री फोड दिसतो. थंडीत गरम पाण्याची पिशवी त्याच कारणाने नको.

होटगीरोडकर
एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्याची प्रत काढून गटात वाटतोय. मित्रानेही धागा वाचला, 'चाकावरचा'ला मुकादमगिरीबद्दल धन्यवाद सांगायला सांगितलंय, आणि लका_बेला अक्षरफलकावरचे चार शब्द.

आता गड्डा. अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला) संमती कट्ट्यापाशी न्यायची त्याची इच्छा. जमेल?

चाकावरचा
जमेल म्हणणं बेजबाबदारपणा होईल. अक्षतांच्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीची गर्दी कमरेच्या उंचीवर काय करते ते खुर्चीतूनच कळतं. आवाज वरून, धक्के सगळीकडून, आणि मागून कोणी मुठीच पकडून ढकलतं. नंदीध्वजांची (खांद्यावरून नेतात त्या उंच काठ्यांची) मिरवणूक हवी असेल तर मार्गावरच्या ओळखीच्या दुकानाचा ओटा किंवा घराची गॅलरी आधी पक्की करा, मिरवणूक यायच्या दोन तास आधी तिथे बसवा, पिशवी रिकामी करून. गड्डा मात्र मुख्य विधी उरकल्यावर, आठवड्यातल्या मधल्या वारी, दुपारी तीनला.

लोखंडी_चणे
होम मैदानाच्या मातीत छोटी चाकं रुततात. खुर्ची मागे कलती करून फक्त मोठ्या चाकांवर न्या, नाहीतर पाठीमागून ओढा. दोघांनी आळीपाळीने, दमछाक होते. पाय पायटेक्यावरून मागे घसरून चाकाखाली येतात, म्हणून पिंढऱ्यांमागे चार इंची पट्टा आडवा बांधा. चालत नसला तरी बूट घालाच, एक नंबर मोठे. दिवसभर पाय लोंबकळून सुजतात.

सिस्टर_सावध
आणि धूळ. नाकाला रुमाल. खोकला जोरात येत नाही हे वर लिहिलंय.

शेंगापोळी
आकाशपाळण्यात बसवता येईल का?

मणकेशास्त्री
नाही. मानेला आधार नाही, पट्टा नाही, मध्येच थांबला तर दाब काढता येत नाही.

लका_बे
तो पाळण्यात नको, तू बस शेंगापोळी. तो खालून तुला शिव्या घालेल की. गड्ड्याला यासाठीच तर जायचं असतं बे.

होटगीरोडकर
ठरलं. सरकफळी आजच सुताराकडे टाकली, २८ बाय १०. त्याने विचारलं पोळपाट एवढा लांब कशाला.

लोखंडी_चणे
कडा गोल करायला सांगितल्या का?

होटगीरोडकर
नाही. परत जातो.